बोटभर उघडी झडप

१

मी तंबूतून बाहेर आले तेव्हा तलाव होता तिथेच होता, पण पाणथळीतलं पाणी नाहीसं झालं होतं.

आधी वाटलं, आपलीच दिशा चुकली. तंबूत झोपलेल्या माणसाला उठल्यावर पूर्व-पश्चिम कळत नाही, आणि मला ती घरीही कळत नाही असं आमच्या ह्यांचं मत आहे. म्हणून डोळे चोळून पुन्हा पाहिलं. डावीकडे तलाव, मधे मातीचा बांध, आणि उजवीकडे, जिथे काल संध्याकाळी कमळाच्या पानांवरून पक्षी चालत होते, तिथे नुसता काळा चकाकता चिखल. पानं ओल्या कागदासारखी चिखलाला चिकटली होती आणि वर कावळ्यांनी बाजार भरवला होता.

त्या कावळ्यांखाली एक बाई गुडघाभर चिखलात उभी राहून दोन्ही हात हलवत ओरडत होती. ती या उद्यानाची रक्षक. वाटा झाडायच्या, फळ्या ठोकायच्या, तंबूवाल्यांना पाणी दाखवायचं, पाणथळ राखायची, सगळं तिच्याकडे. तिला सगळे राखणबाईच म्हणतात.

"अहो या ना कोणीतरी! घरटी उघडी पडलीत!"

कमळपक्ष्यांची घरटी पाण्यावर, पानांवर तरंगतात. पाणी गेलं की ती चिखलावर बसतात, आणि मग कावळ्याला फक्त चालत यायचं असतं. न्याहारी टाकून सगळी मंडळी धावली. फोटोग्राफर धावला, इंजिनिअर आणि त्यांची बायको धावली, आणि सगळ्यांच्या आधी, सत्तरी उलटलेली असूनही, आमचं पक्ष्यांचं शिबिर घेणारे कानकाका चिखलात उतरले. मीही उतरले आणि पहिल्याच पावलाला बसले. घमेल्यांतून घरटी उचलून आम्ही तलावाकाठच्या पानांवर नेऊन ठेवली. काही अंडी वाचली, काही कावळ्यांनी नेली. राखणबाई हुंदके देत होती आणि मोजत नव्हती.

तेवढ्यात इंजिनिअर बांधावरून ओरडले, "झडप उघडी आहे इकडे! बोटभर!"

बांधात एक लोखंडी झडप आहे, पाणथळीतलं जास्तीचं पाणी खालच्या ओढ्यात सोडायला. ती फिरवायचं चाक काढून ठेवता येतं.

"चाक कोणाच्या ताब्यात असतं?" इंजिनिअरांनी विचारलं.

"माझ्या," राखणबाई म्हणाली. "खोलीबाहेर खिळ्यावर असतं. आत्ताही तिथेच आहे."

"आणि सकाळपासून तुम्ही कुठे होता?"

तिनं हाताचा चिखल झटकला. मग म्हणाली, "लांबच्या वाटेवर. पडलेलं झाड तोडत होते. एकटीच होते."

२

ही आमची सुट्टी होती. तलावाकाठी तंबूत राहायचं, झाडांमधल्या वाटांनी हिंडायचं, पक्षी बघायचे. कल्पना वन्संची. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांच्या कल्पनांना घरात कोणी नाही म्हणत नाही, कारण म्हटलं तरी त्या ऐकत नाहीत. त्यांची सगळी नोकरी मोठ्या रेल्वे स्टेशनात हरवलेल्या सामानाच्या कचेरीत गेली, शेवटी तर त्या तिथल्या प्रमुख होत्या. छत्र्या, कवळ्या, एकदा एक जिवंत पोपट, सगळं त्यांच्या टेबलावरून गेलेलं. अजूनही घरात कोणाचं काही सापडेनासं झालं की त्यांच्या तोंडावर तेज येतं.

शिबिर कानकाकांचं. ते दर वर्षी ते घ्यायचे. दिसला नाही तरी नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखायचे, म्हणून कानकाका. राखणबाई इथे नवी लागली तेव्हा पक्ष्यांचे आवाज तिला त्यांनीच शिकवले होते. ती त्यांना काका म्हणायची आणि ते तिला 'आमची पोर'.

त्या सकाळी पुरावा दिला तो राखणबाईनंच, आणि तो तिच्या स्वतःच्या गळ्यात पडला.

तलावाच्या टोकाला पक्षी बघायची एक लाकडी झोपडी आहे. पाणथळीतून फळ्यांची वाट तिथवर जाते. आत फळ्यांचे कप्पे पाडलेत, एका कप्प्यात एक माणूस, समोर डोळ्यांच्या उंचीला फट, आणि फटीतून दिसतो तो तलाव. पाणथळ पाठीशी राहते. आत बोलायचं नाही. पादत्राणं बाहेरच्या मांडणीवर काढायची, कारण फळ्या वाजल्या की पक्षी उडतात.

"उजाडताना मी तिथून गेले," राखणबाईनं सांगितलं. "चौघांचेही जोडे बाहेर होते. काकांचे लाल नाड्यांचे बूट, या दोघांचे सारखे पांढरे, आणि फोटोग्राफरचे फाटके सँडल. म्हणजे सगळे आतच होते."

"आणि तिथून आम्ही झाडांच्या वाटेनं थेट न्याहारीला आलो," इंजिनिअर म्हणाले. "न्याहारीला सगळे एकमेकांसमोर होतो. मग उरलं कोण?"

"आम्ही उरलो," मी उगाच म्हणाले. माझा स्वभाव आहे हा.

"तुम्ही दोघं तंबूत घोरत होता," वन्सं म्हणाल्या. "तुझा सूर वरचा, माझ्या भावाचा खालचा. सगळ्या शिबिरानं ऐकलंय. शिवाय तुला गॅसची कळ नीट फिरवता येत नाही, तू झडप काय फिरवणार?"

म्हणजे उरली एकटी राखणबाई. संध्याकाळी उद्यानाचे अधीक्षकसाहेब येणार होते, इंजिनिअरांनी फोन करून सगळं कळवलं होतं. साहेबांचा निरोप आला तो असा, की रक्षकबाईंनी आपलं सामान बांधून ठेवावं. नोकरीबरोबर खोली जाणार होती, आणि खोलीत तिची अंथरुणाला खिळलेली सासू होती.

"तुम्ही जोड्यांचं सांगितलंच कशाला?" मी तिला बाजूला घेऊन म्हणाले. "पाहिलं नाही म्हणायचं."

"पाहिलं होतं ना," ती म्हणाली.

वन्संनी चष्मा पुसला. हे लक्षण मला ठाऊक होतं.

३

"चोर सोडून संन्याशाला फाशी," वन्सं म्हणाल्या. "चल, चौकशी करू. तू फक्त ऐक. निष्कर्ष काढू नकोस, तुझे चुकतात."

माझा निष्कर्ष तर तेव्हाच निघाला होता: फोटोग्राफर. कालच तो म्हणाला होता, पाणी जरा उतरलं की चिखलावर लांब पायांचे पक्षी उतरतील आणि त्याला हवा तो फोटो मिळेल. कारण मिळालं, माणूस मिळाला, सुट्टी वाचली.

तो तंबूपुढे लेन्स पुसत होता. वन्संनी त्याला विचारलं ते भलतंच.

"काय हरवलंय तुझं?"

"माझं? काही नाही, मावशी."

"काहीच नाही?"

"इज्जत गेली तेवढी," तो ओशाळून म्हणाला. "झोपडीत माझा फोन वाजला. लग्नाच्या बँडची धून ठेवलीय, बहिणीनं. खिशातून निघेना, बंद होईना. बदकं उडाली. सगळे मला खाणार होते. तुम्हीच सांगा, झडप उघडायला गेलो असतो तर फोन आत कसा वाजला असता?"

झालं. माझा निष्कर्ष पहिल्याच फेरीत बाद. मी गप्प चालू लागले.

इंजिनिअर मोठ्या खुर्चीत बसून झडपेवर व्याख्यान देत होते, ऐकायला कोणी नसताना. "काल पाहिली मी ती. भंगार आहे. आटे झिजलेत. मी असतो तर केव्हाच बदलली असती."

"काल तुम्ही तिला हात लावला?" मी टपून विचारलं.

"लावला. मग? आज सकाळी मी झोपडीत होतो. तो मूर्ख बँड वाजला तेव्हा मीच 'शू' केलं. विचारा सगळ्यांना."

"काय हरवलंय तुमचं?" वन्संनी मधेच विचारलं.

ते बुचकळ्यात पडले. पण त्यांची बायको तंबूतून म्हणाली, "माझं हरवलं होतं! कानातलं. काल फळ्यांच्या वाटेवर वाकून घरटं बघत होते, नंतर पाहिलं तर एका कानातलं गायब."

मी वन्संच्या दंडाला चिमटा काढला. पाण्यात पडलेलं कानातलं! ते शोधायला पाणी सोडलं! नवरा झडपेतला जाणकार! सगळं कसं चपखल बसत होतं.

"आणि हो," त्या पुढे म्हणाल्या, "झोपडीत असताना मला एक विचित्र आवाजही आला. मागून कुठूनतरी, लांबून. मांजर पिळल्यासारखा. न्याहारीला काकांना विचारलं, हा कुठला पक्षी? ते म्हणाले पाणकोंबडी असेल."

"पाणकोंबडी असं ओरडते?" वन्संनी विचारलं.

"त्यांनाच माहीत. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते आधीच बाहेर बसून बूट घालत होते, नाहीतर तिथेच विचारलं असतं."

"बरं, आणि ते कानातलं?" मी घाईनं म्हणाले. "पाण्यात पडलं असणार, नाही?"

"नाही हो," त्या हसल्या आणि केस मागे सारले. दोन्ही कानांत दोन्ही कानातली होती. "रात्रीच सापडलं. झोपायच्या पिशवीत होतं."

४

आता माझं डोकं भणभणू लागलं. जो तो खरं बोलत होता आणि सगळ्यांचं खरं एकत्र केलं की ते खोटं होत होतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते कळत नव्हतं.

कानकाका तलावाकाठी एका दगडावर बसले होते, वाचवलेल्या घरट्यांकडे बघत. पाय चिखलानं भरलेले, चेहरा पडलेला. अधूनमधून त्यांचं बोट उजव्या कानामागे जायचं, तिथे जरा थांबायचं आणि खाली यायचं. कालही मी ते पाहिलं होतं. थोर माणसांच्या ऐकण्याच्या लकबी असतात तशी ती असावी असं मला वाटलं.

वन्संनी थर्मास नेला होता. त्या समोर बसल्या. "काका, सकाळी झोपडीत कसं होतं?"

"काय सांगू तुम्हाला," ते म्हणाले. "इतकी शांतता क्वचित मिळते. पिन पडली असती तरी ऐकू आली असती."

वन्सं थर्मासवर वाकल्या, आणि पेला भरता भरता खालमानेनं म्हणाल्या, "काल संध्याकाळी तुम्ही कुठे होता?"

"साखर चालेल," काका म्हणाले. "थोडी जास्तच घाला."

मला राग आला. सरळ प्रश्नाला असं वाकडं उत्तर? माणूस टाळतोय! मी वन्संकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे पेला त्यांच्या हाती दिला आणि तोंड वर करून विचारलं, "राखणबाईनं केलं असेल असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी पेला दगडावर ठेवला. "नाही. आमची पोर असं करणार नाही. पण मग..." ते थांबले. "पण मग मला काही कळत नाही हो. सकाळपासून विचार करतोय. कोणीतरी केलंय. कोणी आणि का, खरंच कळत नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ढोंग वाटेना. आणि तरीही, परत येताना मी पैजेवर सांगितलं असतं की काका काहीतरी लपवताहेत.

"पण ते तर झोपडीत होते," मी म्हणाले. "बूट बाहेर होते."

"हं," वन्सं म्हणाल्या. "जेवण झालं की तू झोपडीत ये. मी आधी जाऊन बसते. बोलू तिथे."

"बोलायची बंदी आहे तिथे."

"कुजबुजू."

५

मी पोचले तेव्हा मांडणीवर वन्संच्या जांभळ्या चपला होत्या. अंगठ्याच्या जागी झिजलेल्या, लांबूनही ओळखू येतील अशा. मी माझ्या काढल्या, पावलं न वाजवता आत गेले आणि पहिल्या कप्प्यात बसले. अंधार होता. समोरच्या फटीतून तलाव चमकत होता.

"वन्सं," मी फळीला तोंड लावून कुजबुजले, "माझं ऐका. इंजिनिअरांनी काल झडपेशी खेळ केला. तीच सैल राहिली. म्हणजे कोणी गुन्हेगारच नाही, नुसता शहाणपणा."

उत्तर नाही. वन्सं विचार करताना बोलत नाहीत.

"बरोबर आहे, ती कालच सैल झाली असती तर रात्रीतच पाणी उतरलं असतं. मान्य. मग फोटोग्राफरनं फोन आत ठेवला आणि स्वतः गेला. दुसऱ्याकडून फोन करवला. कसं वाटतं?"

उत्तर नाही. याचा अर्थ मी बरोबर होते. मी उत्साहानं आणखी बरंच सांगितलं. त्यात घरातल्या एकदोन गोष्टीही आल्या, ज्या वन्संच्या तोंडावर कधी बोलले नव्हते. शेवटी मला राहवेना. मी उठून पुढच्या कप्प्यात डोकावले.

कप्पा रिकामा होता. त्यापुढचाही.

मी बाहेर धावले. जांभळ्या चपला मांडणीवर तशाच होत्या. झोपडीच्या मागे, लव्हाळ्यांच्या आड, तिथूनच बांध सुरू होतो. लव्हाळे बाजूला सारले तर थोड्या अंतरावर झडपेपाशी वन्सं अनवाणी उभ्या होत्या, शेजारी राखणबाई.

"झाली का कुजबुज?" वन्सं म्हणाल्या. "कोणाशी करत होतीस?"

"तुमच्याशी! चपला तर तिथे..."

आणि मी तोंड मिटलं. राखणबाईनंही कपाळाला हात लावला.

"मी जोडे पाहिले," ती हळूच म्हणाली. "माणसं नाही पाहिली."

"पाहायची सवयच नाही तुम्हाला इथे. बाहेर जोडा, म्हणजे आत माणूस," वन्सं म्हणाल्या. "आता हिलाही दाखवा, झडप कशी बंद करता."

राखणबाईनं चाक बसवलं आणि फिरवलं. झडप अशी किंचाळली की मी कानांत बोटं घातली. अगदी मांजर पिळल्यासारखी. सकाळी झडप बंद केल्यापासून तिच्यापाशी झिरपून साचलेलं पाणी खालून घळघळू लागलं. मग तिनं चाक उलटं फिरवलं. फिरवता फिरवता ते अडलं.

"इथे अडतं. नव्या माणसाला वाटतं बंद झाली. पण ऐका."

खाली पाणी अजून गुळगुळत होतं.

"बोटभर उघडी राहते अजून. चाक वर उचलून, दाबून पुन्हा फिरवायचं, आवाज थांबेपर्यंत. डोळ्यांना काही दिसत नाही, झडप पाण्याखाली असते. इथे सगळं कानावर चालतं."

पाणी गप्प झालं. राखणबाईही. वन्सं तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या आणि मी दोघींकडे. पहिल्यांदाच मला न सांगता कळलं, आणि कळलं नसतं तर बरं असं वाटलं.

६

"माझ्या टेबलासमोर लोक यायचे," बांधावरून परतताना वन्सं म्हणाल्या. "काय हरवलं ते सांगायच्या आधीच हात सांगायचा. साखळी गेली असेल तर हात गळ्याशी. घड्याळ गेलं असेल तर मनगटाशी. जे गेलंय त्याच्या रिकाम्या जागी हात जातो. थांबवता येत नाही तो."

राखणबाई मागे राहिली होती. झडपेपाशीच बसली होती.

काका त्याच दगडावर होते. वन्सं त्यांच्या समोर, अगदी समोर, जमिनीवर बसल्या.

"काका, तुमचं कानातलं यंत्र पाण्यात कधी पडलं?"

बोट कानामागे गेलं आणि तिथेच राहिलं.

दुसऱ्या हातानं त्यांनी टोपी काढली. मग म्हणाले, "काल. घरटं दाखवायला वाकलो तेव्हा. टोपीखाली कोणाला दिसत नाही ते." आवाज अगदी साधा होता. "आधी बारीक आवाज गेले. वेळूतले ते चिमुकले पक्षी, सगळ्यात आधी ते गेले. यंत्र घातलं की परत यायचे. लोक म्हणायचे, काकांचे कान म्हणजे कान! मी कसं सांगणार? या माणसाकडून हेच एक तर सगळे शिकायला येतात."

"मग सकाळी..."

"सगळ्यांच्या आधी गेलो. बूट सवयीनं मांडणीवर काढले. चिखलातच उतरायचं होतं. वाटलं, हातभर पाणी उतरवू, चाचपून बघू, लगेच बंद करू. नाही सापडलं. चाक अडेपर्यंत फिरवलं, खिळ्यावर नेऊन टांगलं, पाय धुतले आणि बूट घालायला आलो. झडप मी बंद केली होती!" त्यांनी वन्संचा हात धरला. "शपथेवर सांगतो. म्हणून तर कळत नाही, माझ्यामागून कोणी उघडली."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. हा माणूस सकाळपासून आपल्यासारखाच कोड्यात पडलेला होता.

"कोणी उघडली नाही," वन्सं सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. "ती बंदच झाली नव्हती. चाक अडल्यावरही पाणी वाहत राहतं. खाली आवाज येत होता, काका. मोठा. ज्याला झडप उघडी ठेवायची असते तो ती सताड सोडतो. ज्यानं चाक जागेवर टांगलं त्याला वाटत होतं आपण ती बंद केली. कान असलेल्या माणसाला तसं वाटलंच नसतं. आणि कान असलेला माणूस त्या झोपडीत असता, तर शांतता होती असंही म्हणाला नसता. तिथे बँड वाजला."

"बँड?" काकांनी विचारलं.

ते घरट्यांकडे बघत राहिले. चेहऱ्यावरून रंग उतरत गेला तो मी पाहिला.

"म्हणजे ती अंडी मी..." ते म्हणाले.

"साहेब यायला थोडा वेळ आहे," वन्सं म्हणाल्या. "मी सांगू शकते. पण मी सांगितलं तर ते वेगळं, आणि तुम्ही सांगितलं तर वेगळं. तिचं सामान बांधून झालंय."

७

साहेबांची जीप आली तेव्हा उन्हं तलावावर तिरपी झाली होती. राखणबाईची दोन गाठोडी आणि एक ट्रंक खोलीबाहेर होती. सासूची खाट तेवढी आत होती, ती कशी न्यायची यावर कोणी बोलत नव्हतं.

साहेब फार वाईट माणूस नव्हते. घाईत होते. "बाई, मला वाईट वाटतं," त्यांनी सुरुवात केली, "पण पाणथळ तुमच्या जबाबदारीवर..."

"झडप मी उघडली," काका म्हणाले. साहेबांचं बोलणं तोडून. त्यांना ते चालू आहे हेच कळलं नसावं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. यंत्राचं सांगितलं, चाकाचं सांगितलं, पाणकोंबडीचंही सांगितलं. "या बाईंनी मला विचारलं कुठला आवाज, तर मी तोंडाला येईल ते नाव ठोकून दिलं. असं मी गेली कित्येक वर्षं करतोय." फोटोग्राफर मान खाली घालून ऐकत होता. इंजिनिअरांची बायको रडत होती. इंजिनिअर झडपेच्या आट्यांविषयी काही बोलू लागले आणि पहिल्यांदाच आपणहून थांबले.

राखणबाई खोलीच्या दारात उभी होती. काका तिच्याकडे वळले. "तुझ्यावर आलं तेव्हाच मी बोलायला हवं होतं. सकाळी झडपेला हात लावला होता एवढं तरी. मला वाटलं, मी बंद केली म्हणजे माझा काय संबंध. मी भ्यालो गं."

तिच्या तोंडावर दया नव्हती. राग होता, आणि रागाखाली आणखी काहीतरी होतं ज्याला मला नाव देता येईना.

"बाई, सकाळी तुम्हाला माहीत होतं हे?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग सामान आत घ्या. तुम्ही कामावर आहात." साहेबांनी टोपी काढली, हातात फिरवली. काकांकडे त्यांना बघवेना. ते चिखलाकडे बघत, खालच्या आवाजात, भराभर बोलले. "तुमचं वय, तुमचा मान, सगळं मला मान्य आहे. पण या पाणथळीवर शिबिर घ्यायला आता तुम्ही येऊ नका. पुढच्या वर्षी नको, त्यानंतरही नको. कधीच नको."

काका त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे.

"काय म्हणाले साहेब?" त्यांनी विचारलं. "मला ऐकू नाही आलं."

आमच्यापैकी कोणीही तोंड उघडलं नाही. वन्संनीही नाही. मी, जी कधी गप्प बसत नाही, ती जमिनीकडे बघत राहिले. असं वाक्य पुन्हा मोठ्यानं कोण म्हणणार?

राखणबाई दारातून पुढे आली. काकांच्या समोर, जिथून तिचे ओठ त्यांना दिसतील अशी उभी राहिली, आणि साहेबांचं सगळं बोलणं तिनं खणखणीत आवाजात जसंच्या तसं सांगितलं. वयाचं सांगितलं, मानाचं सांगितलं, पुढच्या वर्षीचं सांगितलं. 'कधीच नको' हेही गाळलं नाही. गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज कुठे कापला नाही.

काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आणि तू काय म्हणतेस?"

"मी अजून काहीच म्हणाले नाही, काका," ती तितक्याच मोठ्यानं म्हणाली, आणि सासूला पाणी द्यायला आत गेली.